आधी विद्यार्थी आत घ्या, मग अभ्यासक्रम सांगा

जून उजाडला की कोल्हापुरातल्या आमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात विभागाच्या दाराशी पत्रांवर सही घ्यायला मुलांची रांग लागते. मजकूर ठरलेला असतो : ‘आमच्या विद्यार्थ्यास आपल्या कारखान्यात चार आठवड्यांची इंटर्नशिप करण्याची संधी द्यावी.’ ते पत्र घेऊन मुलं शिरोलीला, गोकुळ शिरगावला, कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत हिंडतात. ज्याचा मामा किंवा चुलता कुठे सुपरवायझर आहे, त्याला आत जाता येतं. बाकीचे बहुतेक गेटवरूनच परत येतात. मग काही दिवसांनी त्यांच्यातलाच एखादा माझ्यासमोर एक रंगीत प्रमाणपत्र ठेवतो. कुठल्या तरी संकेतस्थळावर पैसे भरले, व्हिडिओ पाहिले, वीस प्रश्नांची चाचणी दिली आणि ‘इंडस्ट्रियल इंटर्नशिप’ पूर्ण झाली. मी ते फाइलला लावतो. लावताना दर वेळी वाईट वाटतं, कारण तो मुलगा खोटारडा नाही. त्याने पत्र घेऊन दहा-अकरा कारखान्यांची दारं खरोखर ठोठावलेली असतात.

त्याच वर्षात कधीतरी अभ्यासक्रम बदलण्याची बैठक होते. उद्योगातले पाहुणे येतात आणि मुलांना काय येत नाही ते सांगतात. ड्रॉइंग वाचता येत नाही, व्हर्नियर हे बारीक मापाचं साधन धरता येत नाही, पायथॉन येत नाही, दोन वाक्यं धड बोलता येत नाहीत. तक्रार खोटी नाही. शिकवायला येण्याआधी मी नऊ वर्षं एका फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, काढली आहेत. नवीन पदवीधराच्या हातात कास्टिंगचं, म्हणजे ओतीव भागाचं, ड्रॉइंग दिल्यावर त्याचा गोंधळलेला चेहरा मी टेबलाच्या त्या बाजूनेही पाहिला आहे. पण या तक्रारीवर जो उपाय निघतो, तो मला मुळातच चुकीच्या जागी लावलेला वाटतो. उपाय एकच निघतो : अभ्यासक्रमात अजून एक विषय घाला.

अभ्यासक्रम काय कमी वेळा बदलला? पुणे विद्यापीठाच्या अभियांत्रिकीच्या मुलांना विचारा, ती स्वतःची ओळखच ‘२०१५ पॅटर्न’, ‘२०१९ पॅटर्न’ अशी सांगतात. आता २०२४ चा पॅटर्न आला आहे. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०१८ मध्ये आदर्श अभ्यासक्रम काढला, पदवीचे एकूण क्रेडिट २२० च्या आसपास होते ते १६० वर आणले आणि इंटर्नशिप सक्तीची केली. अभ्यास मंडळांवर उद्योगातले सदस्य असतात. अभ्यासक्रमांना मानांकन देणाऱ्या एनबीएच्या मूल्यांकनासाठी कंपन्यांचे अभिप्राय गोळा करून फाइलला लावावे लागतात. म्हणजे उद्योगाचं मत कुठे विचारलं जात नाही, असं नाही. साच्यात धातू नेणारं गेटिंग, धातू आकसताना भर पुरवणारा रायझर, वाळूची हवा जाऊ देण्याची क्षमता (पर्मिएबिलिटी), कास्टिंगमधले दोष हे सगळं यंत्र अभियांत्रिकीच्या मुलाला शिकवलंही जातं. तरी तो ब्लो होल (वायू अडकून पडलेलं छिद्र) आणि श्रिंकेज (धातू आकसून पडलेली पोकळी) डोळ्यांनी वेगळे ओळखू शकत नाही, कारण त्याने दोन्ही फक्त पुस्तकातल्या रेषांच्या चित्रात पाहिलेले असतात.

यात एका पक्षाकडे, म्हणजे उद्योगाकडे, मत आहे पण भार नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की, पदवी कशी असावी हे सांगण्याचा अधिकार उद्योगाला जरूर द्यावा; मात्र तो किती, हे त्या उद्योगाने किती विद्यार्थी आत घेतले, किती पैसे आणि आपल्या किती अनुभवी माणसांचा वेळ दिला, यावरून ठरावं.

ही कल्पना आपल्याला परकी नाही. मुंबई विद्यापीठाने १ ऑक्टोबर १९३३ रोजी रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग सुरू केला, तोच पुढे यूडीसीटी म्हणून नावारूपाला आला आणि आज माटुंग्याची आयसीटी म्हणून ओळखला जातो. त्याआधी १९२१ साली सर विश्वेश्वरय्यांच्या समितीने मुंबईत अशा शिक्षणाची गरज मांडली होती. विभाग उभा राहिला तो कापड उद्योगाच्या आधाराने, त्या उद्योगाची गरज समोर ठेवून. म्हणूनच सुरुवातीला केमिकल इंजिनिअरिंगच्या जोडीला कापडाचं रसायन हा विषय होता. गिरण्यांना कापड धुणारी, रंगवणारी, छापणारी प्रक्रिया नीट चालवणारी माणसं हवी होती.

पण विभागाने काय शिकवलं ते बघा. १९३८ मध्ये के. वेंकटरामन विभागाचे प्रमुख झाले. त्यांचं स्वतःचं संशोधन रंगद्रव्यांच्या रसायनावर होतं, आणि कृत्रिम रंगांवरचा त्यांचा द्विखंडी ग्रंथ १९५२ मध्ये निघाला तेव्हा जगभरचे रसायनशास्त्रज्ञ तो वापरू लागले. गिरणीला रंगाचा हौद सांभाळणारा माणूस हवा होता. विद्यापीठाने त्याला रेणू कसा रंग धरतो हे शिकवलं. प्राध्यापकांनी कारखान्यांना सल्ला द्यायचा, तिथले प्रश्न प्रयोगशाळेत आणायचे, ही तिथली रीत झाली. पुढे १९८२ चा संप झाला आणि मुंबईच्या गिरण्यांचा धूर हळूहळू थांबला. ज्या उद्योगाच्या गरजेपोटी विभाग निघाला तो उद्योगच शहरातून उठला, पण विभागाचे पदवीधर उघड्यावर पडले नाहीत. ते औषधांत होते, रंगलेपांत होते, पेट्रोकेमिकलमध्ये होते. रघुनाथ माशेलकर इथूनच केमिकल इंजिनिअर झाले आणि पुढे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे, मग देशातल्या सरकारी प्रयोगशाळा चालवणाऱ्या सीएसआयआरचे प्रमुख झाले. विद्यापीठाने १९३३ मध्ये गिरण्यांकडून विषयांची यादी लिहून घेतली असती आणि तीच शिकवली असती, तर त्या पदवीचं आयुष्य गिरण्यांइतकंच राहिलं असतं.

म्हणून सहकार्याची बाजू घेताना मी एक रेघ आधीच आखून ठेवतो. गणित, यामिकी, उष्मागतिकी, पदार्थविज्ञान यांचा ताबा विद्यापीठाकडेच राहिला पाहिजे. कंपनीचा व्यवस्थापक पुढच्या ऑर्डरचा आणि पुढच्या दोन-तीन वर्षांचा विचार करतो, आणि त्याने तसाच करावा. त्याच्यावर पगारांची जबाबदारी आहे. मुलगी मात्र बावीस वर्षांची पदवीधर झाली की पुढे पस्तीस-चाळीस वर्षं काम करणार असते. एप्रिल २०२० मध्ये देशात वाहनांना बीएस-४ वरून एकदम बीएस-६ चे प्रदूषण निकष लागू झाले, मधली पायरी गाळून. त्या काळात पिंपरी-चिंचवडच्या इंजिनवाल्यांना कोण उपयोगी पडलं? ज्याला ज्वलनाचं रसायन कळत होतं, नायट्रोजनची ऑक्साइड्स कोणत्या तापमानाला वाढतात आणि काजळी कमी करायला गेलं की ती का वर जातात हे ज्याला समजत होतं, तो. आता विजेवरच्या गाड्या आल्या आहेत, आणि पुन्हा तसंच होणार आहे. एखादं सॉफ्टवेअर शिकवायला विद्यापीठाला चार वर्षं लागत नाहीत, आणि ते सॉफ्टवेअर चार वर्षं टिकतही नाही.

भार उचलणं म्हणजे काय, याचं सर्वांत स्पष्ट रूप जर्मनीत बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात दिसतं. डाइमलर-बेंझ, बॉश यांसारख्या कंपन्यांनी पुढाकार घेतला आणि १९७४ मध्ये श्टुटगार्ट आणि मानहाइम इथे ‘बेरुफ्सआकाडेमी’, म्हणजे व्यवसाय-शिक्षणाच्या संस्था, निघाल्या. २००९ मध्ये त्यांचं रूपांतर दुहेरी पद्धतीच्या राज्य विद्यापीठात झालं. तिथे विद्यार्थी आधी कंपनीशी करार करतो, मग वर्गात बसतो. साधारण तीन महिने शिक्षण, तीन महिने कंपनी, अशी तीन वर्षं. वर्गात बसलेल्या महिन्यांतही कंपनी पगार देते. सुमारे ९००० कंपन्या आणि संस्था या विद्यापीठाच्या भागीदार आहेत, आणि भागीदार म्हणून विद्यापीठाच्या मंडळांवर त्यांना जागा आहे. तिथल्या कंपनीने म्हटलं की अमुक विषय बदला, तर त्या म्हणण्याला वजन असतं, कारण तो विषय शिकणाऱ्या मुलांचा पगार तीच भरते. जर्मनीची कारागिरीची परंपरा वेगळी, पगार वेगळे, सगळं मान्य. ती व्यवस्था उचलून इथे ठेवता येणार नाही. पण मत आणि भार एकाच हातात ठेवायचे, हे त्यातलं तत्त्व इथे चालायला काय हरकत आहे?

घरचं उदाहरण पिलानीचं आहे. तिथल्या बिट्स या अभियांत्रिकी संस्थेत १९७३ पासून ‘प्रॅक्टिस स्कूल’ चालू आहे. दुसऱ्या वर्षानंतर उन्हाळ्यात दोन महिने आणि शेवटच्या वर्षात साधारण साडेपाच महिने विद्यार्थी प्रत्यक्ष कामाच्या जागी असतो. मला त्यातली सर्वांत मोलाची गोष्ट वेगळीच वाटते : विद्यार्थ्यांची जबाबदारी घेऊन संस्थेचा प्राध्यापकही त्या केंद्राशी जोडलेला असतो. मुलांना पत्र देऊन गेटवर सोडून दिलेलं नसतं. महाराष्ट्रातही पुणे विद्यापीठाच्या ‘प्रॉडक्शन सँडविच’ शाखेत सहा-सहा महिन्यांचं कारखान्यातलं प्रशिक्षण होतं. त्या शाखेतून आलेले माझे दोन सहकारी फाउंड्रीत पहिल्या आठवड्यापासून कामाला लागले होते, हे मी पाहिलं आहे. चार आठवड्यांत कारखाना मुलाला फक्त दाखवता येतो. सुपरवायझरच्या दृष्टीने तो पाहुणा असतो आणि पाहुण्याच्या हातात कोणी काम देत नाही. सहा महिने राहणाऱ्या मुलाला काम द्यावंच लागतं.

आता कोल्हापूरकडे येतो, कारण इथेच प्रश्न खरा अवघड होतो. उद्योग म्हटलं की सरकारी कागदांवर मोठ्या कंपन्यांची नावं येतात. करारावर सह्या होतात, फोटो निघतात, एखाद्या प्रयोगशाळेला कंपनीचं नाव लागतं. इथला उद्योग तसा नाही. उसाचे चरक आणि ऑइल इंजिनं दुरुस्त करता करता उद्यमनगरात वाढलेली ही माणसं. आज आसपास लहानमोठ्या शेकडो फाउंड्री आणि मशीन शॉप आहेत आणि इथली कास्टिंग ट्रॅक्टर, मोटारी, पंप यांत देशभर जातात. पन्नास-साठ कामगारांच्या फाउंड्रीत इंजिनिअर म्हणावेत असे दोन-तीनच असतात. त्यातला एक सहा महिने मुलांना शिकवायला दिला तर डिस्पॅच कोण बघणार? आणि मालकाची दुसरी भीती तर तो उघड बोलून दाखवतो : आम्ही शिकवायचं आणि पोरगं पुण्याला पळायचं. या भीतीला स्वार्थ म्हणणं अन्यायाचं होईल. नऊ वर्षांत मी स्वतः अशी पाच-सहा मुलं जाताना पाहिली.

एकट्या फाउंड्रीला न पेलणारी गोष्ट वीस-पंचवीस फाउंड्रींना मिळून पेलते. त्यांनी एका महाविद्यालयाशी एकत्र करार करावा, दर वर्षी ठरलेल्या संख्येने विद्यार्थी सहा महिन्यांसाठी वाटून घ्यावेत आणि मिळून दोन अनुभवी माणसांना अर्धवेळ शिकवायला मोकळं करावं. मुलगा एका फाउंड्रीतून दुसरीत गेला तरी शिकवण्याचा खर्च समूहातच राहतो. पैशाचा मार्गही अगदीच बंद नाही. १९६१ च्या अप्रेंटिस (शिकाऊ उमेदवार) कायद्यात १९७३ च्या दुरुस्तीने पदवीधर अभियंत्यांचा समावेश झाला, आणि राष्ट्रीय योजनेत पदवीधर अप्रेंटिसच्या किमान विद्यावेतनातला निम्मा वाटा केंद्र सरकार उचलतं. तीस किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेवर अडीच ते पंधरा टक्के अप्रेंटिस घेण्याचं बंधनही आहे. पदवी चालू असतानाच अप्रेंटिसशिप जोडण्याच्या योजनाही आता विद्यापीठ अनुदान आयोगाने पुढे आणल्या आहेत. अडतं ते कागदपत्रांत. लहान कारखान्यात पोर्टलवर अर्ज भरायला स्वतंत्र माणूस नसतो. तो माणूस महाविद्यालयाने द्यावा. प्लेसमेंट सेलमध्ये कंपन्यांना फोन करणारी चार माणसं असतात, त्यातल्या एकाने हे काम केलं तरी पुष्कळ होईल.

आमच्या बाजूचं अपयश याहून मोठं आहे आणि ते सांगितल्याशिवाय उद्योगाकडे बोट दाखवणं मला शोभणार नाही. अभियांत्रिकी शिकवणाऱ्या कितीतरी शिक्षकांनी कारखान्यात एक पाळीही काढलेली नाही. बीई, लगेच एमई, लगेच व्याख्याता. त्यांचा दोष नाही. पदोन्नतीत शोधनिबंध मोजले जातात, शॉप फ्लोअरवर घालवलेले महिने मोजले जात नाहीत. आणि आता तर वर्षानुवर्षं भरती न झाल्याने तासिका तत्त्वावर शिकवणारे तरुण विभाग चालवतात. ज्याला मे महिन्यात पगार नाही आणि जूनमध्ये नोकरी राहील की नाही हे माहीत नाही, त्याने फाउंड्रीच्या मालकाशी पाच वर्षांचा करार कशाच्या बळावर करायचा? सहकार्य दोन संस्थांमध्ये होतं असं कागदावर दिसतं. प्रत्यक्षात ते दोन माणसांमध्ये होतं, एकमेकांना दहा वर्षं ओळखणाऱ्या. कायम शिक्षक नेमल्याशिवाय यातली एकही गोष्ट उभी राहणार नाही. आणि जो कायम आहे त्याने दर पाच वर्षांनी सहा महिने कारखान्यात काढावेत, ते त्याच्या सेवेत शोधनिबंधाइतक्याच मानाने मोजले जावेत.

राज्यात अभियांत्रिकीच्या दीड लाखाहून जास्त जागा आहेत आणि २०२४ पासून चांगल्या ठरलेल्या संस्थांना एकेका शाखेतल्या प्रवेशसंख्येची मर्यादा उरलेली नाही. संगणकाच्या तुकड्या वाढत आहेत. माझी या बाबतीतली मागणी थोडी कठोर आहे : महाविद्यालयाने नवी तुकडी मागताना, या मुलांना सहा महिने आत घेणाऱ्या कारखान्यांची, कार्यालयांची नावं आणि जागांची संख्या दाखवावी. जागा दाखवता येत नसतील तर तुकडी मिळू नये. रुग्णालयाच्या खाटांवर वैद्यकीय महाविद्यालयाच्या जागा ठरतात, यात कोणाला वावगं वाटत नाही. इंजिनिअरच्या बाबतीत खाट म्हणजे कामाची जागा.

मुलींचा मुद्दा मी वेगळा काढतो, कारण बैठकांत तो निघतच नाही. आज माझ्या वर्गात मुली आहेत आणि गुणांत पुढे आहेत. फाउंड्रीत त्यांना पाठवायचं तर मोल्डिंग विभागाजवळ स्वच्छतागृह आहे का, सकाळी सातच्या पाळीला गावातून एसटी वेळेवर पोचते का, एमआयडीसीजवळ राहायची सोय आहे का, हे प्रश्न आधी येतात. ज्या अभ्यासक्रमाचा एक भाग कारखान्यात आहे तो या सोयींशिवाय लागू केला तर मुलींना अपुरीच पदवी मिळेल. आणि ज्या घरातून दिवसाच्या रिक्षाभाड्याचा विचार होतो, त्या घरातल्या मुलाला विद्यावेतनाशिवाय सहा महिने कामाला पाठवणं म्हणजे त्याच्या बापाकडून उद्योगाला दिलेली देणगी आहे. ती घेण्याचा अधिकार आपल्याला नाही.

परीक्षेबद्दल एकच. कारखान्यातल्या सहा महिन्यांची तोंडी परीक्षा विद्यार्थ्याच्या मशीनपाशी व्हावी, महाविद्यालयातला एक आणि कारखान्यातला एक परीक्षक मिळून घ्यावी, आणि दोघांच्या सहीशिवाय गुण मिळू नयेत. प्रमाणपत्रांचा बाजार त्या दिवशी बंद होईल.

मागे एका पावसाळ्याच्या तोंडावर माझ्या तिसऱ्या वर्षाच्या वर्गातल्या एका मुलीला ओळखीच्या फाउंड्रीत जागा मिळाली. तिथे दर पावसाळ्यात कास्टिंगमध्ये पिनहोल, म्हणजे टाचणीएवढी छिद्रं, वाढायचे. सँड प्लांटवरचे काका तिला म्हणाले, ‘‘पावसाळ्यात वाळू अशीच वागती बघा मॅडम.’’ तिने पुस्तकात वाचलं होतं की ग्रीन सँडमध्ये, म्हणजे साच्याच्या ओल्या वाळूत, ओलावा तीन-चार टक्क्यांच्या वर गेला की वाफ अडकते. तिने दर अर्ध्या तासाला नमुना घेऊन ओलावा मोजायला सुरुवात केली आणि वहीत लिहीत गेली. तिसऱ्या आठवड्यात तिच्या लक्षात आलं की खराब निघणारी बहुतेक कास्टिंग पहिल्या पाळीच्या सुरुवातीच्या दोन तासांतली आहेत. रात्रभर हॉपरमध्ये पडून राहिलेली वाळू आधीच ओलसर असायची, वाळू बांधून ठेवणाऱ्या बेंटोनाइट मातीच्या पोत्यांनी दमट हवा धरलेली असायची, आणि मिक्सरवरचा माणूस नेहमीचंच पाणी घालायचा. चार आठवडे संपले तरी तिने काम सोडलं नाही. महाविद्यालय सुरू झाल्यावर सकाळी सातला फाउंड्रीत, अकराला वर्गात, असं तिने जुलै संपेपर्यंत केलं. त्यासाठी तिची हजेरी कमी भरली आणि ती मला विभागप्रमुखांकडून माफ करून घ्यावी लागली. फाउंड्रीने पाणी घालण्याआधी ओलावा मोजण्याचा नियम केला, आणि त्या वर्षी पहिल्या पाळीचं रिजेक्शन, म्हणजे नाकारल्या जाणाऱ्या मालाचं प्रमाण, उतरलं. तिची वही अजून तिथल्या सँड लॅबच्या कपाटात आहे. नव्या माणसाला ती दाखवतात.

सत्राच्या शेवटी गुणपत्रकं आली. तिच्या आणि पैसे भरून व्हिडिओ पाहिलेल्या मुलाच्या गुणपत्रकावर इंटर्नशिपच्या ओळीत सारखेच क्रेडिट छापून आले होते.